भंगारातली आरामखुर्ची: आधी सांगाडा, मग कापड

व्हिडिओत खुर्ची झाली, हिशेब राहिला.

चिरनेरच्या पावसाळी दमट हवेत पडून राहिलेली खुर्ची उचलण्याआधी पाय हलवून बघा, लाकूड ठोकून बघा. बारीक भुसा पडला तर कीड लागलीय, सोडून द्या. जुनं कापड फाडू नका हं! खिळे काढून अलगद सोडवा, तेच तुमचं कापायचं माप. कडेने दोन इंच जास्त ठेवा. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम घ्या. हलका फोम लवकर बसतो आणि गिऱ्हाईक परत येतं, पण भांडायला. कापड मधूनच ठोकत जा, कोपरे शेवटी.

आता दर. पहिल्या खुर्चीला मी फोम-कापडाचेच पैसे लावले, दोन दिवसांची मजुरी विसरलो. गिऱ्हाईक खूश, मी तोट्यात. तुम्ही आधी वहीत तास लिहा, मगच भाव सांगा.