सहीची घाई नको

आईबाबांनो,

पेढे आणू की बर्फी, हे विचारायला आजोबा दाराशी ताटकळत उभे असतात आणि डॉक्टर म्हणतात, "थोड्या तपासण्या करू, मग सांगतो." मग घरात कुजबुज सुरू होते. कुणी ग्रहण काढतं, कुणी देवीचा कोप. शेवटी बोल लागतो तो बाळंतिणीला. तिचा यात काडीचाही दोष नाही. काही बाळांची शरीररचना मुलगा किंवा मुलगी या चौकटीत नेमकी बसत नाही. त्यांना इंटरसेक्स म्हणतात.

धावपळ करायची ती एका गोष्टीसाठी. अशा काही बाळांना ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, निपचित पडतं. शरीरातलं मीठ घटून जीवही जाऊ शकतो. रायगड जिल्ह्यातलं कशेळे असो, नेरळ असो की चौक, अंगारे-धुपारे करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. औषध नेमाने चालू राहिलं की ही बाळं छान वाढतात.

पण केवळ अवयव 'नीट दिसावेत' म्हणून शस्त्रक्रिया? ती थांबू शकते. कापलेलं परत येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर तामिळनाडू सरकारने जिवावरचा प्रसंग वगळता बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. तो आदेश रायगडला लागू नाही, म्हणून इथे संमतीपत्रावरच्या तुमच्या सहीला फार वजन आहे. थांबलं म्हणून वाट बंद होत नाही: बीडचे पोलीस ललित साळवे यांनी शस्त्रक्रिया करून घेतली ती 2018 मध्ये, जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने.

जन्मनोंद 21 दिवसांत करा, पण नावाची घाई नको. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. मुलगा म्हणून वाढवायचं की मुलगी म्हणून, हे तपासण्यांनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं, त्यासाठी सुरी लागत नाही. "तृतीयपंथीयांच्यात देऊन टाका" असं कुणी म्हणालं, तर सांगा की 2019 च्या केंद्रीय कायद्याने इंटरसेक्स व्यक्तींनाही संरक्षण दिलं आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय अशा मुलाला आईबापांपासून तोडायला मनाई केली. त्या कायद्याने त्यांना ट्रान्सजेंडरच्याच व्याख्येत बसवलं, हे मला पटत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि मुलापासून लपवू नका. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या 2018 च्या भरतीत एक तरुणी परीक्षा उत्तीर्ण झाली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या तिला आपली गुणसूत्रं पुरुषाची आहेत हे कळलं, ते भरतीच्या वैद्यकीय तपासणीत. नोकरी अडली. उच्च न्यायालयात गेल्यावर 2022 मध्ये सरकारने तिला पोलीस खात्यातच वेगळ्या पदावर घेण्याची तयारी दाखवली. आपल्या शरीराची माहिती माणसाला परक्या कागदावरून कळू नये. वयाला झेपेल तशी ती घरातच सांगा.

संमतीपत्र पुढे आलं, की डॉक्टरांना एवढंच विचारा: आत्ता नाही केलं, तर बाळाच्या जिवाला काय धोका आहे? उत्तर लेखी मागा. धोका नसेल, तर सही करू नका.