डिसेंबरच्या पार्टीचा शार्कुटरी बोर्ड: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

थँक्सगिव्हिंग उरकलं की अमेरिकेत पार्ट्यांची आमंत्रणं सुरू होतात. ऑफिसची, शेजाऱ्यांची, मुलांच्या मित्रांच्या घरची. एखाद-दोन वर्षं पाहुणे म्हणून गेल्यावर आपल्याही घरी लोकांना बोलवावंसं वाटतं. या पार्ट्यांमध्ये जेवणाआधी एक मोठी लाकडी फळी मांडलेली असते. तिच्यावर चार-पाच प्रकारचं चीज, खारवून वाळवलेल्या मांसाचे पातळ काप, क्रॅकर्स, द्राक्षं, सुकामेवा, ऑलिव्ह आणि एखादा जॅम असतो. हाच शार्कुटरी बोर्ड. न्यू जर्सी आणि बे एरियात बरीच वर्षं राहिलेल्या मराठी कुटुंबांचा अनुभव इथे एकत्र केला आहे. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत दिसलं: मांडणी कोणालाही एका संध्याकाळी जमते. खरं लक्ष द्यायचं ते, कोणत्याही पाहुण्याला हात पुढे करण्याआधी ‘यात काय आहे?’ असं विचारावं लागू नये याकडे.

म्हणून पहिला सल्ला, एक मोठा बोर्ड करू नका, दोन करा. एक पूर्ण शाकाहारी, दुसरा मांसाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर. एकाच फळीवर अर्ध्यात सलामी आणि अर्ध्यात चीज ठेवलं की पंधरा मिनिटांत चिमटे इकडचे तिकडे होतात. मग शाकाहारी पाहुणा सौजन्याने ‘मला भूक नाही’ म्हणतो. आपल्याकडे तर डिसेंबरात बहुतेकदा मार्गशीर्ष असतो. एरवी चिकन खाणारी कितीतरी घरं तो महिना पाळतात, आणि गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं. मराठी मित्रमंडळ येणार असेल तर शाकाहारी बोर्डच मोठा ठेवा. शक्यतो पार्टी गुरुवारी नको.

शाकाहारी बोर्डातही एक खाच आहे. चीज दुधाचं, म्हणजे शाकाहारी, असं आपण धरून चालतो. पण दूध विरजवायला बऱ्याच चीजमध्ये रेनेट घालतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून मिळतं. पार्मिजानो रेज्जानो आणि स्विस ग्रुयेर यांच्या नियमांतच ते ठरलेलं आहे, त्यामुळे ही दोन्ही शाकाहारी बोर्डावर नकोत. वेष्टनावर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. अमेरिकन चेडर आणि बकरीच्या दुधाच्या मऊ चीजमध्ये शाकाहारी पर्याय सहज मिळतात. जैन शेजारी येणार असतील तर त्यांना आधीच विचारून घ्या. कांदा-लसणाचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण अनेक जैन अंजीर आणि मधही खात नाहीत आणि या बोर्डांवर नेमक्या त्याच दोन गोष्टी हटकून असतात.

मांसाच्या बोर्डावर काय ठेवायचं हे पाहुण्यांवरून ठरवा. प्रोशुत्तो डुकराच्या मांडीचा असतो, सलामी बहुधा डुकराची, ब्रेझाओला गाईच्या मांसाचा. पेपरोनीत बहुतेक वेळा डुक्कर आणि गाय दोन्ही असतात. चिकनचं किंवा टर्कीचं सॉसेज घेतलं तरी वेष्टन उलटून वाचा, कारण आतलं मांस चिकनचं आणि बाहेरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असं पुष्कळदा असतं. मुस्लिम सहकाऱ्यांसाठी हलाल दुकानातून टर्की किंवा बीफची सलामी आणता येते, पण बीफ आणलं तर ते तिसऱ्या ताटलीत, ठळक चिठ्ठी लावून. कोशर पाळणारे ज्यू मित्र मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. त्यांच्या वेगळ्या ताटलीत काय चालेल, हे त्यांनाच विचारलेलं त्यांना आवडतं. प्रत्येक पदार्थापाशी छोटी चिठ्ठी हवीच. ‘डुक्कर’, ‘गाय’, ‘काजू आहे’ इतकं साध्या इंग्रजीत लिहिलं तरी पुरे.

मांसाच्या वेष्टनावर ‘अनक्युअर्ड’ दिसलं की ते कच्चं, असा समज करून घेऊ नका. नेहमीच्या रासायनिक नायट्राइटऐवजी सेलरीसारख्या पदार्थातलं नायट्राइट वापरलं की तसं लिहितात. बघायचं ते ‘रेडी टु ईट’. सुपरमार्केटातलं ताजं इटालियन सॉसेज मात्र कच्चंच असतं, ते शिजवल्याशिवाय बोर्डावर येऊ शकत नाही. गोव्याच्या चोरिस या सॉसेजचंही तेच. गोव्याकडच्या कुटुंबांनी यावर एक छान वाट काढली आहे. न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीज दुकानांमध्ये धुरावलेलं शोरिसो मिळतं. ते आपल्या चोरिसाइतकं तिखट आणि व्हिनेगरी नसतं, पण नातं लगेच कळतं. चकत्या करून तव्यावर परतायच्या आणि कोमट वाढायच्या. त्या सर्वात आधी संपतात.

आता चवींकडे येऊ, कारण मराठी घरांचं खरं कसब इथे दिसतं. बोर्डाचं गणित आपल्या ताटासारखंच आहे: खारट, आंबट, गोड, तिखट, कुरकुरीत आणि मऊ यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं. चीज आणि मांस खारट असतं, म्हणून बाजूला गोड-आंबट लागतंच. लोक तिथे अंजिराचा जॅम ठेवतात. तुम्ही गुळांबा ठेवून बघा, मऊ ब्री चीजवर तो फार सुंदर लागतो. मोरावळ्याचा पाक जुन्या, कोरड्या चेडरवर. लिंबाचं गोड लोणचं बारीक चिरून बकरीच्या चीजवर. बकरीच्या चीजचा लांबट रोल मिळतो, तो शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या कोरड्या चटणीत घोळवला की बाहेरून लालसर आणि आतून पांढराशुभ्र दिसतो. ख्रिसमसच्या टेबलाला तेवढा रंग पुरतो.

स्पेनमध्ये मांचेगो चीजसोबत क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी खातात. गोव्यात नाताळच्या कुसवारात (फराळाच्या ताटात) पेरूची वडी असते, म्हणजे पेराड. मांचेगोबरोबर ती तितकीच शोभते. घरी करायला वेळ नसेल तर लॅटिन अमेरिकन खाद्यपदार्थांच्या रांगेत गोयासारख्या कंपन्यांची पेरूची पेस्ट मिळते. तिचे चौकोनी तुकडे करा. मांचेगो पारंपरिक रेनेटचं असू शकतं, तेव्हा ही जोडी मांसाच्या बोर्डावर. शाकाहारी बोर्डावर तीच पेस्ट पांढऱ्या चेडरसोबत द्या.

क्रॅकर्सच्या जोडीला खाकरा, खारी शंकरपाळी, चकली, छोटी भाकरवडी, सगळं चालतं. फक्त चकली फळीवर पसरू नका. चीज आणि द्राक्षांच्या ओलाव्याने ती सादळते. पितळी पेल्यात उभी ठेवा. साधे भाजलेले काजू तिखट-खारट काजूंपेक्षा बरे, कारण खारट चवी आधीच भरपूर असतात. पोळपाटावर ब्री छान दिसते, पण घरचा पोळपाट मांसाच्या बोर्डासाठी वापरू नका. कोणी बोलून दाखवलं नाही तरी घरातल्या मोठ्यांना ते रुचत नाही.

प्रमाण सोपं आहे. नंतर जेवण असेल तर माणशी साधारण ५५ ते ६० ग्रॅम चीज आणि तेवढंच मांस धरा, बोर्ड हेच जेवण असेल तर दुप्पट. आपल्याकडे आलेला माणूस जेवूनच जावा असं वाटतं, म्हणून बरीच कुटुंबं बोर्डानंतर गरम मसालेभात आणि टोमॅटोचं सार देतात. अमेरिकन पाहुण्यांना हे आधी सांगा, नाहीतर ते चीजनेच पोट भरून घेतात.

मांडताना आधी वाट्या ठेवा, मग चीज लांब-लांब, मग मांसाच्या घड्या, मग फळं, आणि शेवटी मोकळ्या जागा सुक्यामेव्याने भरा. सलामीचे काप एकावर एक थोडे सरकवत छोट्या ग्लासच्या काठावर लावले आणि ग्लास उलटा केला की गुलाब तयार होतो. मुलं हे काम आनंदाने करतात. सजावटीला रोझमेरीच्या काड्या, क्रॅनबेरी आणि डाळिंबाचे दाणे पुरेत. हॉली आणि मिसलटोची लाल-पांढरी फळं विषारी असतात, ती खाण्याजवळ आणूच नका. द्राक्षं धुऊन पूर्ण कोरडी करा, सफरचंदाच्या फोडी लिंबाच्या पाण्यातून काढा. निळ्या बुरशीच्या चीजला स्वतंत्र सुरी लागते, नाहीतर त्या चीजचा वास सगळ्याला लागतो.

चीज पाहुणे येण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढलं तरच चव खुलते. पण मऊ चीज आणि मांस एकूण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. मोठी फळी एकदम भरण्यापेक्षा अर्धी भरा आणि फ्रीजमधून थोडं थोडं आणत राहा. उरलेलं बाहेर राहून गेलं असेल तर जीव कितीही हळहळला तरी टाकून द्या. गरोदर बाई येणार असेल तर कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि थंड मांसाचे काप तिने टाळायचे असतात, लिस्टेरिया या जंतूमुळे. तिच्यासाठी चेडर आणि गरम केलेलं काहीतरी वेगळं ठेवा, आणि ते तिला बाजूला घेऊन सांगा. चार वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षं उभी चिरा, अख्खी घशात अडकतात. अख्खे काजू-बदामही त्यांच्या हाती देऊ नका.

दुसऱ्याच्या पार्टीला बोर्ड न्यायचा असेल तर तयार फळी गाडीत ठेवू नका. सगळं डब्यांमधून न्या आणि तिथे दहा मिनिटांत मांडा. यजमानांकडे टेबलावर जागा आहे का आणि कोणाला कसली ॲलर्जी आहे, हे आदल्या दिवशी मेसेज करून विचारा. भारतातून येताना बॅगेत लोणचं-चटणी आणली असेल तर ती कस्टम्सला जाहीर करा. मांसाचं काहीही आणू नका, ते काढून घेतात. कडक चीज आठवडाभर आधी आणून ठेवलं तरी चालतं. ब्री आणि मांस मात्र पार्टीच्या एक-दोन दिवस आधी घ्या. २४ डिसेंबरला दुकानं लवकर मिटतात आणि २५ तारखेला बहुतेक बंद असतात, त्यामुळे ख्रिसमसच्या आसपास पार्टी असेल तर २३ तारखेलाच खरेदी आटोपा.