घरगुती संगणकावरील विमानोड्डाण : तीन सिम्युलेटरांची तुलना

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

मी पी. यू. सी.ला वाणिज्य शाखा घेतली तेव्हा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असणे आवश्यक होते. ही अट मला कळली ती प्रवेश घेऊन, फी भरून झाल्यावर. लहानपणी गोकुळ रोडवरच्या विमानतळाच्या कुंपणाशी सायकल टेकवून तासन् तास उभा राहणाऱ्या मुलाला हे आधी कुणी सांगितले नाही, आणि त्यानेही कुणाला विचारले नाही. दोष कुणाचाच नाही. पण त्या दिवसापासून माझे लक्ष घरगुती संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरकडे वळले. प्रस्तुत लेखात अशा तीन सिम्युलेटरांची तुलना केली आहे.

विमान चालविण्याचा आभास निर्माण करणारी ही प्रणाली असते. पडद्यावर विमानाची घड्याळे दिसतात, हातात दांडा किंवा नुसता कळफलक असतो आणि संगणक क्षणाक्षणाला हिशेब करून विमान कुठे गेले ते दाखवितो. ब्रूस आर्टविक ह्या अमेरिकन अभियंत्याने १९८० च्या सुमारास ॲपल-२ संगणकासाठी असा पहिला गाजलेला सिम्युलेटर बाजारात आणला. नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचीच सुधारित आवृत्ती आय. बी. एम. संगणकासाठी काढली. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी एखादा संगणक खरोखर आय. बी. एम.शी जुळणारा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर दोन प्रणाली चालवून बघत : एक आकडेमोडीची ‘लोटस १-२-३’ आणि दुसरी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. म्हणजे वही आणि विमान यांची सोयरीक तशी जुनीच!

आज तुलनेस योग्य असे तीन सिम्युलेटर आहेत : मायक्रोसॉफ्टचा, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर. लॉकहीड मार्टिन कंपनीचा ‘प्रिपेअर-थ्री-डी’ प्रशिक्षण संस्थांसाठी असल्याने तो बाजूला ठेवला आहे. कोणाचे चित्र सुंदर हा प्रश्न मला गौण वाटतो. हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्याला, साध्या संगणकावर, स्वतःच्या मुलखावरून उडताना काय शिकता येते आणि त्याची खरी किंमत किती पडते, हे मला पाहायचे होते. म्हणून तिन्हींसाठी एकच मार्ग ठरविला : हुबळी ते बेळगाव, विमान सेसना १७२.

हा मार्ग विद्यार्थ्याला फार उपयोगी आहे. हवाई अंतर सुमारे चाळीस सागरी मैल, म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. सेसनाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला तोंड करून उडावे आणि उजवीकडे वळून वायव्य धरावी. नकाशा नसला तरी पुणे-बंगळूर महामार्ग खाली दिसत राहतो. आधी धारवाड, मग कित्तूर. पुढे मलप्रभा नदी आणि तिच्या काठी दुसरी हुबळी, म्हणजे एम. के. हुबळी. (पहिल्या वेळी मी दोन हुबळ्यांचा घोळ केला आणि माझे विमान खानापूरच्या रानावर गेले.) बेळगाव जवळ आले की हलग्याची सुवर्ण विधानसौध दिसायला हवी. तिच्या उत्तरेला सांबऱ्याचा विमानतळ, जो १९४२ साली महायुद्धाच्या काळात बांधला गेला. रस्ता, नदी, इमारत अशा खुणा ओळखत उडणे हा वैमानिकाचा पहिला धडा असतो. तेव्हा सिम्युलेटरला ह्या खुणा ठाऊक आहेत का, हीच माझी पहिली कसोटी.

ह्या कसोटीत मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर पुढे आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो ह्या संस्थेने बनविलेली त्याची आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली आणि पुढची नोव्हेंबर २०२४ मध्ये. बिंग नकाशांची हवाई छायाचित्रे जमिनीवर अंथरलेली असल्याने नदी नदीच्या जागी आणि शेत शेताच्या जागी असते. घरे मात्र छायाचित्रातील छपराच्या आकारावरून संगणकाने अंदाजाने उभी केलेली असतात. हे काम ऑस्ट्रियातील ग्राझ शहराच्या ब्लॅकशार्क कंपनीने केले. छपरावरून भिंतींचा अंदाज येतो, पण शिखर, घुमट किंवा चौसोपी वाडा वेगळा सांगावा लागतो. मित्राच्या घरी मी त्यात उणकलचे तळे पाहिले आणि खरे सांगतो, काही क्षण विमान चालवायचेच विसरलो. रोज बसमधून दिसणारे तळे वरून एवढे मोठे असेल असे वाटले नव्हते.

नोंदीची एक चूक केवढी भोवते याचे उदाहरण ह्याच सिम्युलेटरमध्ये सापडते. ओपनस्ट्रीटमॅप ह्या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशात एका स्वयंसेवकाने मेलबर्नमधील एका दुमजली इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ असे लिहिले. २०२० साली सिम्युलेटर आला तेव्हा त्या साध्या वस्तीत आभाळाला टेकलेला सुळका उभा! आमच्या लेखापरीक्षणाच्या तासाला हे उदाहरण शोभावे.

एक्स-प्लेनचे बलस्थान निराळे आहे. ऑस्टिन मायर यांनी १९९५ साली त्याची पहिली आवृत्ती काढली. बारावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. पुष्कळ सिम्युलेटर विमानाचे वर्तन आधी तयार केलेल्या कोष्टकांवरून ठरवीत. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर पडतो ते दर क्षणी मोजतो आणि बेरीज करतो. एकूण खर्च अंदाजाने न धरता प्रत्येक विभागाचा वेगळा काढून जुळवावा, तसा हा प्रकार. याचा फायदा ‘स्टॉल’ शिकताना कळतो. स्टॉल म्हणजे जत्रेतला गिरमिटाचा स्टॉल नव्हे. नाक फार वर उचलले की पंखावरून वाहणारी हवा सुटते, पंख विमानाला तोलेनासा होतो आणि विमान खाली बसते. वेग कमी झाला म्हणून हे घडते असे मी समजत होतो. एका पंखाचा आधार आधी जातो आणि विमान त्या अंगाला कलंडते, हे एक्स-प्लेनमध्ये दोन-तीनदा अनुभवल्यावर खरे कारण पंखाचा हवेशी होणारा कोन आहे हे डोक्यात शिरले. दृश्यांत तो उणा आहे. छायाचित्रांऐवजी नकाशावरून बेतलेली जमीन असते. रस्ते व नद्या जागेवर, पण गाव ओळखीचे वाटत नाही.

विमानतळांच्या बाबतीत त्याची एक पद्धत मला फार आवडली. कोणीही आपल्या गावचा विमानतळ मोजमापासह तयार करून पाठवावा. तो तपासून सर्वांना दिला जातो. हुबळीची धावपट्टी पूर्वी १,६७४ मीटर होती, ती वाढून २,६०० मीटर झाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या डिस्कमध्ये ही वाढ कुठून येणार? लोकांनी चालविलेल्या भांडारात ती नोंद करता येते.

फ्लाइटगिअर मात्र संपूर्ण फुकट आहे. १९९६ साली इंटरनेटवरून एकत्र आलेल्या हौशी मंडळींनी त्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी पहिली आवृत्ती काढली. त्याची घडण सर्वांसाठी खुली आहे. कोणीही उघडून पाहावी, बदलावी. विमानतळांच्या माहितीसाठी तो एक्स-प्लेनच्याच भांडाराचा आधार घेतो. उड्डाणाचे गणित करणारी ‘जे. एस. बी. सिम’ ही त्यातील प्रणाली इतकी भरवशाची मानली जाते की २०२० साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने यंत्रबुद्धीच्या हवाई झुंजी घेतल्या, त्यांतील एफ-१६ विमान ह्याच गणितावर उडत होते. पण प्रत्येक विमान वेगवेगळ्या हौशी माणसाने केलेले, म्हणून दर्जा एकसारखा नाही. सेसना उत्तम, काही जेट विमाने खेळण्यासारखी. बेळगावच्या वाटेवर जमीन ओसाड वाटते आणि सुवर्णसौध शोधण्यात अर्थ नाही.

आता किंमत. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या साध्या आवृत्तीची किंमत त्या वेळी साठ डॉलर होती. एक्स-प्लेन १२ देखील तेवढ्यालाच बाजारात आला. फ्लाइटगिअर शून्य. पण हा झाला दर्शनी भाव. मायक्रोसॉफ्टला २०२० साली डिस्कवर १५० जी. बी. जागा, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि पूर्ण दृश्यासाठी सतत इंटरनेट हवे होते. जग कंपनीच्या संगणकांवर ठेवलेले आणि उडताना तुकड्यातुकड्याने आपल्याकडे येणारे. २०२४ च्या आवृत्तीत हे अवलंबन आणखी वाढले आणि प्रकाशनाच्या दिवशी गर्दीने ते संगणक कोलमडले तेव्हा पैसे मोजलेले ग्राहक ताटकळत बसले. मला हा व्यवहार खरेदीपेक्षा भाड्याचा अधिक वाटतो. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला जुना सिम्युलेटर विभाग बंद केला होता, तरी ज्यांच्याकडे २००६ ची डिस्क होती ते उडत राहिले. उद्या दूरचे संगणक बंद झाले तर काय उरेल, हे खरेदीआधी विचारावे. एक्स-प्लेनचा प्रदेश एकदा उतरवून घेतला की दृश्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि मर्यादित प्रदेशाची नमुना आवृत्ती फुकट मिळते.

आणखी एक. ह्यांतील कशावरही घरी उडविलेला एक तासदेखील परवान्याच्या हिशेबात धरला जात नाही. त्यासाठी लागणारे दोनशे तास वेगळे जमवावे लागतात.

मामांच्या दुकानाचे हिशेब लिहून मला दिवाळीत थोडे पैसे मिळाले. घरचा संगणक जुना. एक्स-प्लेन घ्यावा असे फार मनात होते, पण तो चालविण्यासाठी लागणाऱ्या कार्डाची किंमत विचारून परत आलो. शेवटी फ्लाइटगिअर घेतला आणि एक वापरलेली जॉयस्टिक. स्टॉलचा धडा मित्राकडे जाऊन एक्स-प्लेनच्या फुकट आवृत्तीवर गिरवतो. उरलेल्या पैशांतून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला आहे. तेथून भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय वेगळे देता येतात. २०२५ साली ती अटच शिथिल करण्याचा विचार चालल्याचे वाचले होते, पण विचारावर विसंबून मी एकदा फसलो आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीवर मी सध्या पासष्टऐवजी ऐंशीच्या वेगाने उतरतो आणि अर्धी पट्टी संपेपर्यंत चाके टेकत नाहीत. परीक्षेआधी तेवढे जमवायचे आहे.