गव्हाण आणि मेंजर
नाताळाच्या दिवसांत घरीं शिकावयाचा एक धडा

वाचन : लूक १:२६–४५, लूक २:१–२०, १ करिंथ १४:६–१९.

नाताळाचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील घरें निराळ्याच गजबजाटानें भरून जातात. भाताची झोडणी आटोपलेली असते, पेंढा रचून झालेला असतो, आणि पिकाची काळजी उतरल्यामुळें माणसांचीं मनें हलकीं झालेलीं असतात. अशा दिवसांत मुरबाड तालुक्यांतील टोकावडे गांवच्या एका घराचें चित्र आपण डोळ्यांपुढें आणूं. हें घर आम्हीं कल्पिलें आहे. परंतु त्यांत जें घडतें तें वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या घरीं पाहिलें असेल.

घरांत आजी आहे, तिचा मुलगा व सून आहेत, आणि कल्याणास राहून इंग्रजी शाळेंत शिकणारा एक नातू आहे. सुटी लागतांच तो एस. टी. नें घरीं आला आहे. चुलीवर करंज्या तळल्या जात आहेत. ओट्यावर बांबूच्या कामट्यांची चांदणी करून तिला कागद चिकटविण्याचें काम चाललें आहे. संध्याकाळीं कौटुंबिक उपासनेची वेळ झाली तेव्हां बाप अभिमानानें म्हणाला, "आज बाळ शास्त्रपाठ इंग्रजींत वाचील." मुलगा पुस्तक उघडून वाचूं लागला. बाळ येशूस कोठें निजविलें हें सांगणारें वचन आलें, तेव्हां 'मेंजर' ह्या शब्दापाशीं त्याची जीभ अडखळली, आणि त्यानें तो 'मॅनेजर' असा वाचला. बापास इंग्रजी येत नव्हतें. पण मॅनेजर चांगला ठाऊक होता. कर्जासाठीं त्याच्यापुढें त्यानें पुष्कळ वेळां हात जोडले होते. तो आश्चर्यानें म्हणाला, "काय रे, तारणाऱ्याला मॅनेजराकडे ठेविलें होतें?" मुलगा लाजला, सून पदर तोंडाला लावून हंसली, आणि उपासना कशीबशी संपली.

आजी मात्र हंसली नाहीं. ती आरंभापासून शेवटपर्यंत हात जोडून, डोळे मिटून बसली होती. उठतांना तिनें हळूच विचारलें, "बाळा, आज कोणती गोष्ट वाचलीस रे?"

वाचकहो, मुलाची चूक हंसण्यासारखी आहे खरी. परंतु आजीचा प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. जी वार्ता रानांत जागणाऱ्या मेंढपाळांस सर्वांच्या आधीं कळविण्यांत आली, तीच ह्या घरांत गोठा झाडणाऱ्या म्हातारीस त्या रात्रीं कळली नाहीं. म्हणून नाताळाचे कांहीं इंग्रजी शब्द घेऊन त्यांच्या खोडी आपण ह्या धड्यांत पाहूं, आणि त्यांपासून काय शिकावें ह्याचा विचार करूं.

१. एका अक्षराचा फरक

मेंजर हा शब्द इंग्रजांनीं फ्रेंच भाषेंतून घेतला. 'खाणें' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला असून, गुरांना चारा घालण्याची जागा असा त्याचा अर्थ आहे. मॅनेजर हा शब्द 'हात' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून इटालियन भाषेच्या वाटेनें आला. घोडा हाताळून वळणावर आणणें असा त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता. लिहितांना दोहोंत एकाच अक्षराचा फरक आहे, पण दोघांची वाट अगदीं वेगळी. इंग्रजी शिकणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं त्या भाषेंत अक्षर पाहून उच्चार नेहमींच कळत नाहीं; जाणत्याच्या तोंडून तो ऐकावा लागतो. तेव्हां मुलगा चुकला ह्यांत त्याचा दोष थोडा आहे.

परंतु आपला 'गव्हाण' हा शब्द पाहा. तो कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. उच्चारतांच गुरांचा उबारा व पेंढ्याचा वास मनांत येतो. आजी रोज सायंकाळीं तीच गव्हाण भरते.

२. सणाचीं नांवें

'क्रिसमस' हा शब्द लिहितांना इंग्रज त्यांत 'ट' घालतात, पण उच्चारीत नाहींत. ख्रिस्ताच्या नांवानें होणारी उपासना, म्हणजे मिस्सा, असा त्याचा मूळ अर्थ आहे. इ. स. १०३८ च्या एका लेखांत तो प्रथम आढळतो. कित्येक लोक हा शब्द थोडक्यांत लिहितांना आरंभीं गुणाकाराच्या चिन्हासारखें अक्षर घालतात, तेव्हां आपल्या कांहीं भावांस वाईट वाटतें; ख्रिस्ताचें नांव पुसलें असें त्यांस वाटतें. तसें नाहीं. तें ग्रीक भाषेंतील 'खि' हें अक्षर आहे, आणि ग्रीकांत 'ख्रिस्त' ह्या शब्दाचा आरंभ त्यानेंच होतो. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. तेथें नांव पुसलेलें नसून त्याचें पहिलें अक्षरच उभें आहे.

सणाच्या दुसऱ्या दिवसास, म्हणजे २६ डिसेंबरास, इंग्रज 'बॉक्सिंग डे' म्हणतात. हें नांव ऐकून मुलांस मुष्टियुद्ध आठवतें. पण त्याचा ठोशांशीं कांहीं संबंध नाहीं. नोकरचाकरांस व कारागिरांस पेटींतून देणगी देण्याची जुनी रीत होती, तिच्यावरून तें नांव पडलें.

आपण ज्यास 'नाताळ' म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांचा. इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईचा मुलूख त्यांच्याकडे होता. त्या काळीं त्यांचे पुष्कळ शब्द आपल्या किनाऱ्यावर रुजले. हा शब्द लॅटिनांतून आला असून त्याचा अर्थ 'जन्माचा' असा आहे. संस्कृतांतील 'जन्' हा धातु व ह्या शब्दाचें मूळ हीं एकाच कुळांतलीं. इंग्रजांचें नांव उपासना दाखवितें, आपलें नांव जन्म दाखवितें. मग इंग्रजी नांव उच्चारल्यानें सण मोठा होतो असें कां मानावें?

३. मुकीं अक्षरें

'नाइट' म्हणजे रात्र, हा शब्द लिहितांना मध्यें दोन अक्षरें येतात, पण तीं मुकीं असतात. 'नी' म्हणजे गुडघा, ह्यांत आरंभींचा 'क' मुका असतो. मुलें विचारतात, "जीं बोलावयाचीं नाहींत तीं लिहावयाचीं तरी कशाला?" उत्तर असें कीं पूर्वीं तीं सर्व बोललीं जात. इ. स. १४७६ त विल्यम कॅक्स्टन ह्यानें इंग्लंडांत छापखाना घातला. पुढें छापण्यामुळें शब्दांचीं रूपें हळूहळू ठरून गेलीं, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. अशा रीतीनें कागद मागें राहिला आणि जीभ पुढें गेली.

आतां आश्चर्य पाहा. 'नाइट' मधील मुकीं अक्षरें पूर्वीं घशांतून, खरखरीत 'ख'सारखीं उच्चारीत. आणि संस्कृतांत रात्रीस 'नक्त' म्हणतात. 'नी' मधील मुका 'क' जागा केला तर तो शब्द 'जानु' ह्या संस्कृत शब्दाच्या जवळ येतो. 'स्टार' आणि 'तारा', 'नेम' आणि 'नाम' हींही एकाच घराण्यांतलीं. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात, असें विल्यम जोन्स ह्यांनीं इ. स. १७८६ त कलकत्त्यास सांगितलें. पुढें अभ्यासकांनीं इंग्रजीसही त्याच कुळांत बसविलें. तेव्हां इंग्रजी ही कोणी राणी नव्हे व मराठी तिची दासी नव्हे. दोघी दूरच्या बहिणी आहेत.

४. उतारशाळा आणि नातलग

कांहीं शब्द अर्थाच्या बाबतींतही फसवितात. लूक २:७ ह्या ठिकाणीं जुन्या इंग्रजी भाषांतरांत 'इन' हा शब्द आहे. त्यावरून खाणावळीसारखें घर व दार लावून घेणारा कठोर मालक असें चित्र नाटकांत दाखवितात. शास्त्रांत त्या मालकाचा उल्लेखच नाहीं. मूळ ग्रीक शब्द लूक २२:११ मध्यें पुन्हा येतो, आणि तेथें त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असा आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत पैसे घेऊन उतरूं देणारें घर आहे, त्यास लूकानें दुसराच शब्द वापरला आहे. ह्यावरून पुष्कळ अभ्यासक म्हणतात कीं नातलगांच्या घरीं पाहुण्यांची जागा भरून गेल्यामुळें जेथें गुरें बांधीत त्या बाजूस त्या कुटुंबाची सोय झाली असावी. सणासुदीला आपल्या घरीं पाहुणे दाटले म्हणजे आपण ओटीवर, पडवींत अंथरुणें घालतों. हा अर्थ आपणांस कळण्यास कठीण नाहीं. आपल्या मराठी शास्त्रांतील 'उतारशाळा' हा शब्द वाचतांना उपदेशकांनीं हें लक्षांत ठेवावें.

तसेंच अलीशिबा ही मरीयेची 'कझिन' होती असें १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत आहे. ह्या एका शब्दांत आपली चुलतबहीण, आतेबहीण, मामेबहीण व मावसबहीण ह्या सर्व येतात. आणि त्या काळीं तर कोणाही नातलगास तो लावीत. मूळांत केवळ 'नात्यांतली स्त्री' असें आहे. म्हणून आपली भाषा नातीं बारकाईनें सांगते ह्या भरीस पडून कोणीं तिला मावसबहीण ठरवूं नये. शास्त्र जेथें थांबतें तेथें आपणही थांबावें.

५. इंग्रजांसही हें मागून घ्यावें लागलें

पुष्कळांस ठाऊक नसेल कीं एके काळीं खुद्द इंग्लंडांत शास्त्र इंग्रजींत वाचणें हा अपराध मानला जात असे. पंधराव्या शतकाच्या आरंभीं तेथील मंडळीच्या अधिकाऱ्यांनीं, परवानगीवांचून कोणीं शास्त्राचें इंग्रजी भाषांतर करूं नये किंवा वाचूं नये, असा नियम केला. विद्वानांची भाषा लॅटिन. इंग्रजी ही नांगऱ्याची बोली समजत. विल्यम टिंडेल ह्यानें नांगर धरणाऱ्या पोरासही शास्त्र कळावें अशी आस धरून ग्रीकावरून नव्या कराराचें भाषांतर केलें. तें १५२६ त छापून झालें. आणि १५३६ त त्यास प्राण द्यावे लागले. 'मेंजर' हा शब्द त्याच्या भाषांतरांतही आहे. तो शब्द त्याच्या नांगऱ्यास समजत होता, म्हणून त्यानें घातला. टोकावड्याच्या आजीपुढें तोच शब्द वाचणें म्हणजे टिंडेलाची भाषा घेणें पण त्याचा हेतु टाकणें होय.

६. आपला वारसा

टोकावड्याहून ज्या रस्त्यानें आपण मुरबाडावरून कल्याणास जातों, तें कल्याण फार जुनें बंदर. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या प्रवाशानें, कल्लियाना येथें इराणांतून नेमलेला बिशप आहे, असें लिहून ठेविलें. आणि हें ठिकाण म्हणजे आपलें कल्याण असें पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या वेळीं 'क्रिसमस' हा शब्द लेखांत येण्यास सुमारें पांचशें वर्षें अवकाश होता.

पुढें थॉमस स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज जेझुइट १५७९ त गोव्यास आला. त्यानें ख्रिस्तचरित्र इंग्रजींत न लिहितां ओवीबद्ध मराठींत लिहिलें. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ त छापलें गेलें. विल्यम केरी ह्यांनीं श्रीरामपुराहून १८११ त मराठी नवा करार प्रसिद्ध केला. नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला, आणि भजन व कीर्तन हीं आपल्या लोकांचीं साधनें उपासनेंत आणलीं. पंडिता रमाबाई १८८३ त इंग्लंडास गेल्या. इंग्रजी त्यांस उत्तम येत होतें. तरी आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांस समजेल असें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२२ त त्या वारल्या, आणि १९२४ त तें संपूर्ण शास्त्र केडगांवच्या मुक्तिसदनांत छापून निघालें. हीं माणसें इंग्रजीस भीत नव्हतीं व तिच्यापुढें वांकतही नव्हतीं.

७. मग काय करावें?

मुलांनीं इंग्रजी मन लावून शिकावें. तिच्यांत ज्ञान आहे, पोटाची सोयही आहे; तिचा तिरस्कार करणें हें अज्ञान होय. शब्द अडला तर विचारण्यास लाजूं नये, आणि जो अडला त्यास मोठ्यांनीं हंसूं नये. परंतु घरच्या उपासनेंत जो सर्वांत कमी शिकलेला असेल त्याला समजेल त्या भाषेंत शास्त्र वाचावें. न समजणाऱ्या पुष्कळ शब्दांपेक्षां समजणारे पांच शब्द बरे, हें पौलाचें मत आपण वाचनांत पाहिलेंच. नाताळांत इंग्रजी गीत बसविलें तर आधीं त्याचा अर्थ मंडळीस सांगावा. आणि जें 'सायलेंट नाइट' आपण इंग्रजी समजून गातों, तें मूळचें जर्मन. १८१८ त ऑस्ट्रियांतील एका गांवीं प्रथम गाइलें गेलें. इंग्रजांनींही तें आपल्या भाषेंत करून घेतलें, हें विसरूं नये.

आतां पुन्हा त्या घरीं जाऊं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलानें तोच पाठ मराठींत वाचला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, काल मला जो शब्द आला नाहीं तो हाच. गव्हाण." आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पेंढा टोंचतो रे. म्हणून तर त्याच्या आईनें त्याला गुंडाळून ठेविलें असेल." त्या देशांत बाळास गुंडाळण्याची रीतच होती, तरी आजीच्या बोलण्यानें सर्वांस तें बाळ खरोखर जवळ निजलेलें दिसलें. मुलानें शाळेंत शिकलेले सर्व अर्थ एकीकडे राहिले, आणि हा अर्थ त्याला आजीनें दिला.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या घरच्या उपासनेंत न समजतां हात जोडून बसणारें कोणी आहे काय?
२. 'मेंजर' हा शब्द टिंडेलानें कोणासाठीं घातला? आपण कोणासाठीं वाचतों?
३. लूक २:७ व २२:११ हीं वचनें ताडून पाहा. तुमच्या गांवीं पाहुण्यांची जागा भरली म्हणजे काय करितात?
४. ह्या नाताळांत दुसऱ्या दिवशीं फराळाचें ताट कोणत्या मजुराच्या किंवा शेजाऱ्याच्या घरीं पोंचवाल?