आधी कोपरा बघ, मग कर्णा

अगं, काल रात्री फोनवर "ताई, एक विचारायचंय, पण हसू नकोस" म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, सासरी काही बिनसलं की नोकरी सोडलीस? आणि निघालं काय, तर कर्ण्याचे स्पीकर! मी नाही हो हसले. मागून हसले ते तुझे दाजी. आमचे ते दोन खोके माडीवर चढवताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती, ती त्यांना अजून आठवते.

फोनवर हे बोलणं पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले. वाच आणि मग काय ते ठरव.

तुझी नणंद म्हणाली ना, "बाईमाणसाला कशाला हवेत असले डबे?" तिला सांग, आमच्या घरची चूल कर्ण्यावर पेटायची. तू शेंडेफळ, तुला ते दिवस आठवायचे नाहीत. पाथर्डीत अण्णा लग्नाला, जत्रेला कर्णे भाड्याने द्यायचे. रंगपंचमीला मढीची कानिफनाथांची यात्रा आणि नवरात्रात मोहट्याची देवी, हे आमचे सुगीचे दिवस. अण्णा लिंबावर चढून कर्णा बांधायचे आणि खाली अॅम्प्लिफायरच्या मशीनपाशी मी. माझं काम एकच, आवाजाचं बटण कुणाला फिरवू द्यायचं नाही. वरमाय असो की सरपंच, "जरा वाढव की गं" म्हणत जो येईल त्याला द्यायचं उत्तर अण्णांनी मला पाठ करून दिलं होतं, "कर्णा आपल्या पायाने लांब जातो, त्याला ढकलायचं नसतं."

पावसाळ्यात धंदा बंद. कर्णे माळ्यावर पडून राहायचे. दिवाळीनंतर पहिल्या लग्नाला काढले की त्यातला एखादा हमखास मुका निघायचा. कुंभारीण माशीने नळीत मातीचं घर बांधलेलं असायचं! अण्णा आधी कर्ण्यामागचं आवाज काढणारं युनिट फिरवून बाजूला काढायचे, मग सायकलच्या तारेने ती माती कोरत बसायचे. एकदा घाईत मी युनिट न काढताच तार घातली आणि आतला पडदा फोडला. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा पडदा माझ्याकडूनच बसवून घेतला. मला हा नाद लागला तो त्या दिवशी.

पण अण्णांचा कर्णा वेगळा आणि तू म्हणतेस तो वेगळा. जत्रेतला पत्र्याचा भोंगा साधारण 300 हर्ट्झच्या खाली उतरतच नाही. "चुकलेलं पोर मंडपापाशी आहे" हे कळायला तेवढं पुरतं, पण डग्ग्याचा घुमार त्याला झेपत नाही. कुणी स्वस्तात तसला भोंगा घरात लावायला देऊ लागलं तर घेऊ नकोस. दोन दिवसांत डोकं उठेल.

घरातल्या कर्ण्याचं माहेर म्हणजे थिएटर. 1926-27 च्या सुमाराला अमेरिकेत सिनेमा बोलू लागला तेव्हाच्या वाल्व्हच्या मशीनमधून मोजके वॉट निघायचे, आणि तेवढ्यात हजार-दीड हजार माणसांना ऐकू जायला हवं होतं. म्हणून पडद्यामागे माणसापेक्षा मोठे कर्णे उभे राहिले. आपल्याकडे 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि बोलपटाचं युग सुरू झालं. आपल्या नगरात जन्मलेले शाहू मोडक 1939 साली प्रभातच्या 'माणूस'मध्ये बोलले, ते लोकांनी ऐकलं पडद्यामागच्या अशाच कर्ण्यांतून. (आता अहिल्यानगर म्हणायचं, कळतंय मला, पण तोंडी अजून नगरच येतं.) पुढे 1945 मध्ये अल्टेक लान्सिंग कंपनीने 'व्हॉइस ऑफ द थिएटर' नावाचे खोके काढले. तेही थिएटरसाठीच, पण हौशी लोकांनी त्यातले लहान खोके उचलून घरी नेले. हा नाद असा पसरला.

शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो ना, कर्णा तेच करतो. लहानसा पडदा मोकळ्यावर थरथरला तर हवा त्याला दाद देत नाही, बाजूने निसटते. त्याच्यापुढे अरुंद नळी लावली की हवा कोंडते, पडद्याला ढकलायला काहीतरी मिळतं. मग ती नळी बेताबेताने रुंदावत नेली की तो जोर वाया न जाता खोलीत उतरतो. उलटं धरलेलं नरसाळंच म्हण. साध्या घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तर मीटरभर अंतरावर 87 डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. थोरल्या कर्ण्याला तोच एक वॉट दिला तर 104 च्या आसपास. मधला 17 डेसिबलचा फरक म्हणजे 50 पट ताकद. साध्या स्पीकरला जिथे 50 वॉट लागतात, तिथे कर्ण्याचं एका वॉटात भागतं.

हा हिशेब ऐकला की लोक बटण वाढवायला धावतात. माझं सांगणं नेमकं उलट आहे, आणि या सगळ्या पत्रातलं एवढं एकच लक्षात ठेवलंस तरी चालेल. कर्णा घ्यायचा तो हळू ऐकायला. पडद्याला फार हलावं लागत नाही, म्हणून आवाज बिघडतही कमी. साधा स्पीकर आवाज कमी केला की मलूल होतो, कर्ण्यावर बारीक आवाजातही गाणं जिवंत राहतं. रात्री साडेनऊला, आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असताना, गाणाऱ्या बाईने दोन ओळींच्या मधे घेतलेला श्वास ऐकू यावा, पेटीच्या भात्याची फुसफूस कळावी, यासाठी हे धूड घरात आणायचं. एका वॉटाचा शंभरावा हिस्साही त्याला पुष्कळ होतो.

मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्या लोकांच्या डोक्यात मोठा स्पीकर म्हणजे मोठा गोंगाट हे घट्ट बसवलंय. तुझ्या सोसायटीतले लोक खोके बघूनच तक्रार करतील, वाजवायच्या आधी. त्यांना चहाला बोलाव आणि ऐकव. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळूनही गाणं पोटभर ऐकता येतं. आणि कानाची हयगय करू नकोस. अरणगावला मेहेराबादला आपण गेलो होतो, आठवतं? 1925 पासून अखेरपर्यंत मौन पाळलेल्या मेहेरबाबांनी आपल्या समाधीच्या वेळी 'बिगिन द बिगीन' या इंग्रजी गाण्याची रेकॉर्ड लावायला सांगून ठेवलं होतं, आणि 1969 मध्ये तशी ती लावलीही. त्यांचा एक नावाजलेला भक्त म्हणजे इंग्लंडचा पीट टाउनशेंड, 'द हू' या बँडचा गिटारवाला. या बँडच्या 1976 च्या लंडनमधल्या एका कार्यक्रमाची गिनीज बुकात सगळ्यात मोठ्या आवाजाची म्हणून नोंद झाली होती. त्याचे कान पुढे अधू झाले, आणि तो स्वतः सांगतो की घात केला तो स्टुडिओतल्या हेडफोनने. तू रोज बसमध्ये कानात बोंडं कोंबून जातेस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कोपऱ्याचं. खर्जाला कर्णा फार मोठा लागतो. 50 हर्ट्झच्या आवाजाची लाट सात मीटरच्या आसपास लांब असते, मग तिला पेलणारं कर्ण्याचं तोंड केवढं हवं, तूच विचार कर. घरात मावायचं कसं? यावर पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने तोड काढली. आर्कान्सामधल्या होप नावाच्या गावी, युद्धाच्या काळात तो लष्कराच्या दारूगोळा चाचणी केंद्रात होता. आपलं नगर जसं रणगाड्यांचं, तसं ते तोफगोळ्यांचं गाव, आणि दुसरी ख्याती तिथल्या अगडबंब कलिंगडांची. क्लिप्शने कर्ण्याची घडी घालून तो लाकडी खोक्यात बसवला आणि खोका खोलीच्या कोपऱ्यात असा उभा केला की दोन्ही भिंती कर्ण्याचाच उरलेला भाग होतात. 1946 मध्ये त्याने पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला. तो क्लिप्शहॉर्न अजूनही बनतो. एकेक नग पाऊण क्विंटलच्या पुढे.

तर बयो, तू विकणाऱ्याला फोन केलास, पण स्वतःच्या खोलीचे कोपरे मोजलेस का? एकाच भिंतीची दोन टोकं हवीत, दोन्हीकडे भिंत भरीव हवी, आणि समोर बसायला तीन-साडेतीन मीटर जागा. सावेडीतल्या तुझ्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात बाल्कनीचं सरकतं दार आहे, तिथे कोपरा नाहीच. आमच्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंती हातभर जाड, त्यामुळे आमचं निभावलं. तुला कोपऱ्याचा कर्णा झेपणार नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते. ज्या खोक्याला भिंतीचा आधार लागत नाही, तसा बघ. त्यात वरचा आवाज कर्ण्यातून आणि खालचा साध्या मोठ्या कोनमधून येतो. खर्ज थोडा कमी मिळेल, पण घर घरासारखं राहील.

आमचे खोके कसे आले ते तुला अर्धंच माहीत आहे. तालुक्याच्या एका गावची बंद पडलेली टॉकीज मोडीत निघाली होती. भंगारवाल्याला हवं होतं आतलं तांबं आणि लोहचुंबक, लाकूड तो सरपणाच्या भावाने द्यायला तयार होता. आम्ही छोटा हत्ती घेऊन गेलो. मालापेक्षा गाडीभाडं जास्त झालं. तो सौदा साधला म्हणून मी शेफारले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात जुन्या मालाच्या दुकानातून चकाचक पॉलिश केलेली जोडी उचलली. घरी आणून मागची फळी उघडली तर एका खोक्यात मूळचं युनिट, आणि दुसऱ्यात लग्नाच्या भोंग्याचं! सहा महिन्यांची बचत गेली. दाजींना मी महिनाभर खरी किंमत सांगितली नव्हती. ती चूक तू करू नकोस. पैशाचं घरात आधी सांग, मग खर्च कर. खोटं बोलून आणलेल्या खोक्यावर गाणं गोड लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून बघायला जाशील तेव्हा पॉलिश बघू नकोस, पाठ बघ. मागची फळी उघडू देत नसेल तर चहा पिऊन निघून ये. दोन्हीकडची युनिटं एकाच घरची आहेत का ते पाहा. मल्टिमीटर लाव. आठ ओहमच्या युनिटला सहाच्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत, काटा हललाच नाही तर जळालेली. कोनवर तळवा ठेवून अगदी हळू आत दाब, खरखर लागली तर सोड. कर्ण्याच्या नळीत बॅटरी मारून बघ, कुंभारणीचं घर, उंदराचा संसार, काहीही निघू शकतं. आपला जिल्हा कोरडा, म्हणून इथल्या मालाला बुरशी कमी. कोकणातून आलेला कोन मात्र नाक लावून हुंगायचा. मग आपल्या पाठच्या गाण्याची एक रेकॉर्ड लाव, आणि आधी डावा, मग उजवा असे एकेकटे ऐक. गाणारीचा गळा दोन्हीकडे सारखा यायला हवा. विकणारा मात्र "मॅडम, वाढवून बघा" म्हणत राहील. वाढवलं की दोष झाकले जातात. तू कमीच कर.

आणि थापांना भुलू नकोस. त्या क्लिप्शची एक गंमत आहे. तो कोटाच्या कॉलरखाली पिवळा बिल्ला लावून फिरायचा, त्यावर 'थाप' या अर्थाची इंग्रजी शिवी छापलेली. कुणी स्पीकरबद्दल अचाट काही सांगू लागलं की कॉलर उलटून तो बिल्ला दाखवायचा. तुला शिवी द्यायला नको, मनातल्या मनात उलट कॉलर.

मशीनसाठी जास्त खर्च करू नकोस. आठ-दहा वॉटचं स्वच्छ मशीन पुरे. फक्त ते गुणगुणणारं नको, कारण कर्णा गाण्याबरोबर मशीनची घरघरही मोठी करून ऐकवतो. आमचं वाल्व्हचं आहे, भिंगारमधल्या एका निवृत्त फौजी मेकॅनिकने जुळवलेलं. स्पीकर जोडल्याशिवाय ते चालू करायचं नाही, आणि बंद केल्यावरही त्याच्या पोटात तीन-चारशे व्होल्ट दबा धरून असतात, म्हणून झाकण उघडायचं नाही. दाजींनासुद्धा मी हात लावू देत नाही.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांची अडचण आवाजाची नाही, जागेची आहे. खोक्यावर ठेवलेली समई आणि फोटो उतरवायला लागू नयेत एवढंच त्यांना हवं असतं. आमच्याकडे वर अजून क्रोशाचा रुमाल आहे. आवाजाला त्याने काहीही होत नाही.

लगेच इसार देऊ नकोस. रविवारी संध्याकाळी जावईबापूंना घेऊन ये. तुझ्या आवडीची रेकॉर्ड आण, खोलीचं माप कागदावर लिहून आण, आणि मल्टिमीटर विकत घेऊ नकोस, अण्णांचा माझ्याकडे आहे.