आधी कोणाचे दप्तर?

पेण तालुक्यातल्या एका शाळेत वर्गातून कंपासपेटी हरवली. गुरुजींनी आधी वाडीवरच्या तिघा कातकरी मुलांची दप्तरे उलटी केली. पेटी निघाली बाकाखाली. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाईना. आमच्या अभ्यासिकेत मात्र येई. खरे सांगायचे तर, एकदा खडू कमी भरले तेव्हा माझीही नजर त्याच्याकडेच गेली होती.

हा संशय कुठून येतो? इंग्रजांनी १८७१ पासून कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्याची झळ कातकऱ्यांनाही लागली. कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, शिक्का मनात राहिला. अमेरिकेतही सारख्याच खोडीसाठी गोऱ्या मुलापेक्षा कृष्णवर्णीय मुलाला कडक शिक्षा होते.

दुसरा शिक्का, 'यांना शिक्षणाची आवडच नाही.' पेण-रोह्याची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर गैरहजर असलेले पोर तिकडे विटा मोजत असते. हिशेब त्याला येतो. घरची कातकरी बोली वेगळी, म्हणून पुस्तकातली मराठी अडते, इतकेच.

खडूंची पेटी मी त्या मुलाच्याच ताब्यात दिली आहे. शाळेत तो अजून परतलेला नाही.