थ्रॉटल काय म्हणतो, गिअरबॉक्स काय ऐकतो?

गिअरबॉक्स म्हटला की मेकॅनिकलवाले पुढे सरसावतात, सिग्नल म्हटला की इलेक्ट्रॉनिक्सवाले. आज जो विषय घेतोय तो मला बरोबर या दोघांच्या कुंपणावरचा वाटतो, म्हणून दोन्ही विंगच्या मित्रांनी वाचावा.

अमेरिकेत जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्याचा छंद जोरात आहे. त्यातली एक आवडती जोडी म्हणजे जनरल मोटर्सचं एलएस जातीचं व्ही-८ इंजिन आणि ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिनाचा कॉम्प्युटर असतोच. गिअरबॉक्ससाठी बाजारातला वेगळा कंट्रोलर लावतात. त्याला मुख्यतः तीन गोष्टी कळाव्या लागतात: गाडीचा वेग, इंजिनचे आरपीएम आणि थ्रॉटल किती उघडला. गिअर कधी बदलायचा आणि क्लच किती दाबून धरायचा, म्हणजे लाइन प्रेशर किती, हे बरंचसं थ्रॉटलवर ठरतं.

इथे एक गंमत आहे. या गिअरबॉक्सच्या प्रेशर सोलेनॉइडला करंट शून्य असेल तर प्रेशर सर्वात जास्त, आणि साधारण १.१ अँपिअर असेल तर सर्वात कमी. म्हणजे सोलेनॉइडची वायर तुटली तरी क्लच वाचतो, फक्त गिअर झटका देऊन पडतात. पण कंट्रोलरला थ्रॉटलची खोटी बातमी मिळाली, की तो स्वतःच्या हाताने प्रेशर उतरवतो. मग क्लच घसरतो, तापतो आणि जळतो.

केबलच्या जमान्यात पाय आणि झडप एकत्रच हलत. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ इंजिनसोबत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला आणि दोघांची फारकत झाली. आता पेडलला वेगळे सेन्सर आणि मोटरवर चालणाऱ्या झडपेला वेगळे. सिग्नल कुठून घ्यायचा? क्रूझ कंट्रोल लावून घाट चढताय असं समजा. पाय पेडलवर नाही, झडप मात्र चांगली उघडी. पेडलवरून सिग्नल घेतला असेल तर कंट्रोलर समजेल, लोड नाहीच! म्हणून माझं उत्तर: झडपेवरून.

झडपेवर दोन सेन्सर असतात. बऱ्याच ठिकाणी एकाचं व्होल्टेज चढतं तसं दुसऱ्याचं उतरतं, आणि इंजिनचा कॉम्प्युटर दोघांचा मेळ सतत तपासतो. आपण चढणाऱ्या सेन्सरच्या सिग्नल वायरला जोड द्यायचा. ५ व्होल्टच्या सप्लायला हात लावायचा नाही. आता फर्स्ट इयरचा लोडिंग इफेक्ट आठवा. समजा सेन्सर म्हणजे ५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर आहे. मधोमध त्याचा थेवेनिन रेझिस्टन्स १.२५ किलोओहम. कंट्रोलरचा इनपुट १० किलोओहम असेल तर २.५ व्होल्टचे २.२२ होतात. १ मेगाओहम असेल तर फरक जेमतेम ३ मिलिव्होल्ट. पहिल्या प्रकारात दोन सेन्सरचा मेळ तुटू शकतो, पी२१३५ हा कोड येतो आणि कॉम्प्युटर इंजिनची ताकद आखडती घेतो. ओव्हरटेक करताना हे झालं तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

दुसरं पथ्य ग्राऊंडचं. सोलेनॉइडचे ४ अँपिअर ०.०५ ओहमच्या वायरमधून परतत असतील तर तिथे ०.२ व्होल्ट पडतात. सेन्सरचा ग्राऊंड त्याच वायरवर घेतला, तर तेवढी चूक थेट रीडिंगमध्ये शिरते. म्हणून तो वेगळा आणावा.

शेवटी कॅलिब्रेशन. पॉवर नसताना स्प्रिंग झडप किंचित उघडी ठेवते, म्हणून शून्याचं रीडिंग इंजिन आयडलिंगला असताना घ्यावं. आणि चावी ऑन असताना झडपेत बोट अजिबात घालू नये, मोटर दयामाया करत नाही.

काही नव्या इंजिनांत हा सिग्नल डिजिटल असतो. तिथे व्होल्टेज मोजून भागत नाही, कॅन बसवरून माहिती घ्यावी लागते. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून पॉवर बंद करून मल्टिमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. कंट्रोलर मधेच जोडताना तिसरा रेझिस्टर टाकायचा नाही.

थोडक्यात, दुसऱ्याच्या संभाषणाला कान लावायचा, पण मधे बोलायचं नाही. व्हायव्हात विचारलं तर एवढं वाक्य पुरे. वायर कापण्याआधी मात्र गणित करा.